हमदियाच्या बाथरूमचा ढाळ

नुसरेत उत्तम कारागीर आहे, ही गोष्ट तो स्वतःच इतक्या वेळा सांगे की सारायेवोजवळच्या काकान्य गावात ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची पाळीच कुणावर आली नाही. सव्वीस वर्षं त्याने लोकांच्या घरात टाइल बसवल्या. गुडघे कामातून गेले, मिशी तेवढी ताठ राहिली.

जर्मनीच्या व्हिसासाठी त्याने नाव घातलं तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. दूतावासाची तारीख सोडतीत निघते, आणि याची निघायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात ज्या जर्मन मालकाने नोकरी देऊ केली होती त्याने धंदा विकला आणि तो बायकोबरोबर मासे पकडायला निघून गेला. म्हणजे तारीख हातात, बैरामनंतरचा, म्हणजे ईदनंतरचा, बारावा दिवस, आणि करारपत्राचा पत्ता नाही. बोहल्यावर चढायचं आणि नवरीच नाही, तशी गत. ही तारीख हुकली तर पुढच्या सोडतीपर्यंत पंचेचाळिशी उलटणार, आणि पंचेचाळिशीनंतर जर्मन लोक इतका मोठा पगार करारात दाखवायला लावतात की तेवढा टाइलवाल्याला कुणीही देत नाही. थोडक्यात, आत्ता नाही तर कधीच नाही.

बायकोच्या, बेहियाच्या, चुलतभावाने उल्म शहरात दुसरा मालक गाठून दिला. मालकाचा निरोप दोन ओळींचा होता: ‘कुशल कारागीर हवा. तिरक्या जोडाचं काम, भिंतीतले कोनाडे, बिनउंबऱ्याचा शॉवर, यांचे फोटो पाठवा.’

“तुझं क्षेम ठीक आहे,” बेहिया म्हणाली, “आता कुशल काय आहे ते दाखव.”

नुसरेतने फोन चाळला. शाळेचे संडास, पांढऱ्या चौकोनी टाइल. दवाखान्याचे संडास, त्याच टाइल. जुना फोन सिमेंटच्या बादलीत पडून मेला होता आणि त्याच्याबरोबर अर्धा इतिहासही गेला होता. खरं सांगायचं तर इतिहासात तरी काय होतं? काकान्यमध्ये तिरक्या जोडाची, टाइलच्या कडा तिरप्या कापून भिडवायची, हौस असते कुणाला? त्याने आयुष्यात एकच खानदानी बाथरूम केलं होतं. ते बेहियाच्या धाकट्या भावाचं, हमदियाचं. आणि हमदिया त्याच्याशी नऊ वर्षं बोलत नव्हता.

भांडणाचं कारण तेच बाथरूम. भिंती अशा की पाहुणे बघायला येत. पण फरशीवरचं पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे जाई. हमदिया म्हणाला, ढाळ चुकला. नुसरेत म्हणाला, ढाळ बरोबर आहे, खालचा स्लॅब वाकडा आहे. हमदियाने भर चौकात सांगितलं, “नाचता येईना, अंगण वाकडं!” झालं. बेहियाने मध्ये पडून बघितलं, मग तिनेही नाद सोडला.

“जा त्याच्याकडे,” बेहिया आता म्हणाली.

“मी? मेलो तरी नाही.”

“मेल्यावर व्हिसा लागत नाही. बैरामला जा. बैरामला कोण दार लावतंय तोंडावर?”

हे मात्र खरं. बैरामच्या दिवशी दुष्मनालाही आत घ्यावं लागतं, खायला घालावं लागतं, आणि तो ‘हलाल कर’ म्हणाला की मागचं सगळं माफ करावं लागतं. धर्माने माणसाला चांगलं होण्याची ही सोय केली आहे. नुसरेतने तिचा उपयोग बाथरूममध्ये शिरण्यासाठी करायचं ठरवलं.

नमाज झाल्यावर तो कोट घालून, नवे मोजे चढवून, मिठाईची पेटी काखेत मारून मेव्हण्याच्या दारात उभा राहिला. हमदियाने दार उघडलं आणि त्याचं तोंडही उघडंच राहिलं.

“बैराम मुबारक, हमदिया. झालं गेलं ते हलाल कर.”

हमदिया बोलभांड खरा, पण मनाने लोणी. त्याने गळ्यात मिठी मारली. “दाजी! हलाल, हलाल! सेनाडा, अगं बाहेर ये, दाजी आलेत!” त्याची बायको ओल्या हाताने डोळे पुसत आली. कोपऱ्यातल्या बहिऱ्या आत्याने, कोण आलंय ते न कळताच, हात वर करून दुवा मागितली. सगळे रडत होते. नुसरेत त्यांच्या खांद्यांवरून बाथरूमच्या दाराकडे बघत होता.

कोबीच्या पानात गुंडाळलेला सारमा खाल्ला. बकलावा खाल्ला, आणखी एक खाल्ला. कॉफी प्यायला. मग पोटावर हात ठेवून म्हणाला, “जरा जाऊन येतो.”

आत जाऊन कडी लावली आणि क्षणभर तो फोन काढायचंच विसरला. काय भिंती होत्या! जोडाला जोड असा भिडलेला की नखही शिरू नये. ‘अरे, हे मी केलंय,’ त्याला वाटलं, आणि त्याचा स्वतःवर नव्याने जीव जडला. कोनाड्यांचे चार, शॉवरचे तीन, असे फोटो त्याने काढले. मग पाय गार लागले म्हणून खाली बघितलं. नवे मोजे घोट्यापर्यंत भिजले होते. सकाळपासून सगळं घर नमाजाआधीच्या वजूला हात-पाय धुऊन गेलं होतं, आणि ते सगळं पाणी दारापाशी तळं करून बसलं होतं. उंबऱ्याला गुंडाळलेला टॉवेल लावलेला होता. विरून विरून तो पार फडकं झाला होता. जाळी मात्र कोरडी ठणठणीत.

“दाजी, बरं आहे ना?” बाहेरून हमदिया. “बकलावा बाधला का?”

“आलोच!” गडबडीत बोट दाबलं गेलं आणि फोनने फोटो काढल्याचा खटकन आवाज केला.

“फोटो? आत काय लग्न लागलंय?”

दार उघडावं लागलं. हमदियाने फोन बघितला, मोजे बघितले, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे तू माझ्याकडे आलाच नाहीस. माझ्या भिंतीकडे आलास.”

नुसरेतने सगळं सांगून टाकलं. तारीख, उल्मचा मालक, पंचेचाळिशी. हमदियाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि फोटोंवर अंगठा धरला.

“पुसून टाकू? की एक विचारू? ढाळ कुणाचा चुकला?”

“हे बघ, तो स्लॅब...” नुसरेतने सुरुवात केली. मोज्यात बोटं हलवली. पचक झालं. नऊ वर्षं आणि एक पचक. “माझा,” तो म्हणाला. “जेवणाची घाई होती. मोजलाच नाही.”

“सेनाडा! ऐकलंस? आत्या, तुम्ही साक्षीदार!”

“काय म्हणतोय?” आत्या ओरडली.

“ढाळ त्याचा चुकला म्हणतोय!”

“मग नीट करायला सांग की,” आत्या म्हणाली. घरात तीच काय ती शहाणी होती.

आणि बैरामच्या दुसऱ्या दिवशी, जगातले सगळे सभ्य लोक एकमेकांकडे फराळाला जात असताना, काकान्यमध्ये छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमू लागला. हमदियाने माळ्यावरून दोन खोकी टाइल काढल्या. उरलेला माल त्याने नऊ वर्षं जपून ठेवला होता, वेळ आली तर पुरावा म्हणून. घरचे लोक लघवीला शेजारी जात. भेटीला आलेले पाहुणे ताटली हातात घेऊन बाथरूमच्या दारात उभे राहत आणि सल्ले देत.

हमदियाने तर स्टूलच टाकलं. पुन्हा फसवणूक नको म्हणून तो फोनवर सगळ्याची चित्रफीत घेत होता आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. “लेव्हल लाव! लाव म्हणतो ना, डोळे काय बायकोकडे विसरलास? तो कोपरा बघ, उंट बसेल त्यावर! नऊ वर्षं, दाजी, नऊ वर्षं मी ओल्या पायांनी नमाजाला जातोय! पुन्हा माप!”

नुसरेतने पुन्हा मापलं. एकदाही उलट बोलला नाही. बोलला नाही म्हणजे दात इतके आवळले की रात्री जबडा दुखे. चौथ्या दिवशी जोड भरून सुकल्यावर हमदियाने बादलीभर पाणी ओतलं. पाणी थोडं घुटमळलं आणि सरळ जाळीत गेलं.

हमदियाने आणखी दोन बादल्या ओतल्या. वसुलीच ती.

नुसरेतच्या फोटोंमध्ये मात्र निम्म्यात आरसा होता आणि आरशात तो स्वतः, चोरासारखा. बेहियाने ते बघितले आणि बाजूला सारले. भावाकडून तिने ती फोनवरची चित्रफीत मागवली आणि नवऱ्याला न विचारता उल्मला धाडून दिली, शिव्यांसकट.

“अगं, आवाज तरी बंद करायचा!” नुसरेत कपाळावर हात मारून म्हणाला.

“जर्मनाला काय कळतंय?”

जर्मनाला नाहीच कळलं. पण त्याचा मुकादम बियेलिनाचा, म्हणजे यांच्याच मुलखातला निघाला. त्याला शब्द न् शब्द कळला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. मालकाला म्हणाला, एवढं ऐकून घेऊनही ज्याने स्टुलावरच्या माणसाच्या डोक्यात थापी घातली नाही, त्याला कुठल्याही गिऱ्हाइकाच्या घरी बिनधास्त पाठवा. आणि भिंती, कोनाडे, ढाळ म्हणाल, तर सगळं दिसतंच आहे. चित्रफीत धाडल्यापासून सहाव्या दिवशी करारपत्र आलं.

बाराव्या दिवशी नुसरेत सारायेवोत दूतावासात काचेमागच्या पोरीसमोर उभा होता. तिने कागद उलटसुलट केले. “काम काय करता?”

“टाइल बसवतो,” तो म्हणाला. एरवी याला ‘काकान्यमध्ये माझ्यासारखा दुसरा नाही’ ही पुस्ती जोडलेली असे. “एकदा ढाळ चुकला होता. दुरुस्त केलाय.”

“ते मी नाही विचारलं. ठसे घ्यायचेत, चार बोटं यंत्राच्या काचेवर ठेवा.”

ठेवली. यंत्र लाल झालं. पुसून ठेवली, पुन्हा लाल. सव्वीस वर्षांच्या सिमेंटने बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. एवढं सगळं करून आता बोटं दगा देणार?

पोरीने उसासा टाकला आणि खणातून हाताला लावायच्या मलमाची ट्यूब काढून काचेखालून सरकवली. “टाइलवाले सगळे असेच येतात. चोळा चांगलं. आणि दाबू नका हो काका, ती काच आहे, फरशी नाही.”

नुसरेतने मलम चोळलं आणि लोण्याला हात लावावा तशी बोटं टेकवली. यंत्राने जरा वेळ विचार केला. मग हिरवं झालं.