सय्यदसाहेबांची दुसरी बाटली

सय्यदसाहेब कलिंगड कापायला बसले की सुरी हातात धरून आधी समोरच्याला विचारायचे, "हिस्से करू का?" समोरचा हो म्हणेपर्यंत सुरी खाली यायची नाही. समोर कधी त्यांच्या बेगम असत, कधी ऑफिसचा शिपाई, कधी मी. हो म्हटलं की बरोबर मधोमध काप, आणि लगेच, "आता आधी तुमचा हिस्सा उचला." भज्यांची पुडी असो, माझ्या लग्नाचा लाडू असो, विचारल्याशिवाय वाटणी नाही आणि समोरच्यानं उचलल्याशिवाय यांचा हात पुढे नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला हा माणूस जरा सटकलेला वाटला होता.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली होती. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या औरंगाबादच्या ऑफिसात ते क्षेत्र अधिकारी होते, आणि मी तिथे कायद्याचं बघायला नव्यानं लागलो होतो. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घेणं हे त्यांचं काम. पाणी कायद्यानुसार नमुना गुपचूप घेऊन चालत नाही. कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष पाणी घ्यायचं, आणि त्यानं मागणी केली तर तिथेच त्याचे दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्यांना लाखेचं सील, दोघांच्या सह्या. एक बाटली आमच्या प्रयोगशाळेला, दुसरी कारखानदाराला हवी तर दुसरीकडे तपासायला. बहुतेक कारखानदारांना हा हक्क आपल्याला आहे हेच माहीत नसायचं. सय्यदसाहेब स्वतःहून त्यांना तो सांगायचे. मी म्हणायचो, "साहेब, आपल्याविरुद्धचा पुरावा तुम्ही स्वतःच त्यांच्या हातात देता." त्यावर ते म्हणायचे, "वकीलसाहेब, दुसरी बाटली त्याची नाय, आपली हाय. तिच्यामुळं पैलीवर कुनी बोट ठेवत नाय."

एक लाकडी पेटी कायम त्यांच्याबरोबर असायची. तीत बाटल्या, मेणबत्ती, लाखेच्या कांड्या, पितळी शिक्का, छापील नोटिसा आणि दोन काडेपेट्या. दोन कशाला, असं विचारलं तर म्हणत, "एक भिजली तर कायदा काय वाळेपर्यंत थांबंल व्हय?" ऑफिसात कुणी 'दोन बाटल्यावाले' म्हणून चिडवलं की पाच वेळा नमाज पढणारा हा माणूस मोकळेपणानं हसायचा.

शिक्क्याच्या बाबतीत मात्र ते थट्टा खपवून घेत नसत. ते मूळचे सिल्लोडकडचे. वडील निजामाच्या अमलात तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा सय्यदसाहेब नऊ-दहा वर्षांचे असतील. कचेरीची भाषा बदलली, शिक्के बदलले. त्या गडबडीत वडिलांनी एका शेतकऱ्याच्या कागदावर सवयीनं जुनाच शिक्का मारला. कागद खरा होता, जमीन खरी होती, शिक्का मारणारा हातही तोच होता. पण तो शिक्का मारायचा अधिकार चार दिवसांपूर्वी संपला होता. शेतकऱ्याला पुढं फार खेटे घालावे लागले, आणि वडील मरेपर्यंत त्या शेतकऱ्याच्या गावाकडच्या बाजाराला गेले नाहीत. "नियत साफ असून भागत नाय," सय्यदसाहेब सांगायचे, "इख्तियार बी साफ लागतो." इख्तियार म्हणजे अधिकार. हा शब्द ते असा उच्चारायचे की पुढच्याला उगीचच आपल्या खिशातले कागद चाचपावेसे वाटत.

शेंद्र्याला तेव्हा औद्योगिक वसाहत नव्हती. त्या अंगाला एका गावाच्या वरच्या बाजूला कापडाला रंग देणारा एकच कारखाना होता. त्याचं पाणी नाल्यात सुटायचं, आणि नाल्याकाठी कौसाबाईची विहीर होती. विधवा बाई, पन्नाशीची, बोलायला तिखट. विहिरीचं पाणी चहासारखं झालं होतं. बैल तोंड लावून मान फिरवायचे. सून हंडा घेऊन मैलभर जायची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कौसाबाईनं आम्हाला ओट्यावर बसवलं आणि सरळ विचारलं, "दिल्लीत सरकार, मुंबईत सरकार, तालुक्याला तहसीलदार. जो येतो तो म्हनतो हे माझं नाय. मंग माझं पानी हाय तरी कुनाचं?"

मी संघराज्य आणि केंद्र-राज्यांची विषयवाटणी सांगणाऱ्या घटनेच्या सातव्या परिशिष्टावर बोलायला घसा साफ करत होतो. तेवढ्यात सय्यदसाहेबांनी विचारलं, "कौसाबाई, सासऱ्यानं वाटन्या केल्या तवा शेत तिघा भावांत वाटलं. इहिरीचं काय केलं?"

"इहीर कशी वाटंल? सामाईक हाय. पाळ्या लावल्यात."

"आज पाळी धाकल्याची, अन् तुम्ही मोटार चालू केली तर?"

"डोकी फुटतील की."

"पन पानी तुमचं बी हाय ना?"

"पानी हाय. पाळी नाय ना!"

"बस, देशाचं बी एवढंच हाय," सय्यदसाहेब म्हणाले. "दिल्ली अन् राज्यं भाऊ भाऊ. पानी राज्यांच्या वाट्याला आलेलं. म्हनून पान्याचा कायदा करायच्या आधी दिल्लीला राज्यांना इचारावं लागलं. राज्यांनी ठराव केले, मंग कायदा झाला. त्या कायद्यानं मला एक पाळी दिलीय, बाटली भरायची. माझ्या पाळीला मी येनार."

कौसाबाईनं गूळ आणि पाणी पुढे केलं. पाणी सुनेनं मैलावरून आणलेलं होतं, म्हणून सय्यदसाहेब दोनच घोट प्यायले.

त्याच सुमारास दिल्लीहून पर्यावरणाचा नवा कायदा आला होता. हवा, पाणी, जमीन, सगळं एका छत्राखाली. मी त्या कायद्याच्या प्रेमात पडलो होतो, असंच म्हणायला हवं. त्याच्यापुढं जुना पाणी कायदा मला म्हातारा वाटायला लागला. मोठ्या सरकारचा मोठा कायदा, म्हणजे आपला हातही मोठा, असा माझा सरळ हिशेब होता. मी नव्या कायद्याचं नाव आणि कलम घालून नोटिसा टाइप करून घेतल्या, सय्यदसाहेबांच्या पेटीतल्या जुन्या छापील नोटिसा काढल्या आणि त्या जागी माझ्या ठेवल्या. त्यांना सांगितलं नाही. चकित करायचं होतं.

चौथ्या दिवशी कौसाबाईचा निरोप आला, कारखान्यानं पाणी सोडलंय. आम्ही जीपनं पोचलो तेव्हा पाइपातून काळपट तांबडं पाणी धो-धो पडत होतं. कारखान्याचा मॅनेजर बोलावल्यावर आला. कौसाबाई आणि गावातली दहा-बारा माणसं काठावर उभी होती. सय्यदसाहेबांनी पेटी उघडली, बाटली काढली, झाकण फिरवलं आणि द्यायला म्हणून नोटीस हातात घेतली. एकदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघितलं आणि बाटलीचं झाकण परत लावलं.

"भरा की," मी म्हणालो.

ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या कायद्याखाली नमुना घ्यायचा इख्तियार दिल्लीचा हाय. दिल्लीनं ज्याला दिला त्याचा. आपल्याला दिल्याचा कागद आलाय का?"

आला नव्हता. मी पेटी उलथीपालथी केली. जुनी एकही नोटीस नव्हती, मीच त्या सगळ्या नीट गठ्ठा बांधून ऑफिसच्या कपाटात ठेवली होती. मी म्हणालो, "साहेब, पाणी समोर वाहतंय. दहा माणसं बघताहेत. भरून टाका, पुढचं पुढं बघू."

"ह्या कागदावर भरली तर बाटली मेलेली. कोर्टात तिला कोन जिती करनार?"

आम्ही जीप शहराकडे पळवली, नोटिसा घेतल्या, परत आलो. यायला-जायला अडीच तास गेले. तोवर पाइपातून नळाला येतं तसं स्वच्छ पाणी येत होतं आणि मॅनेजर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. कौसाबाई सय्यदसाहेबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"किती घेतलं?" तिनं विचारलं.

"बाई, कागद चुकला व्हता."

"कागद नाय, नियत चुकली तुमची. बाटली उघडली अन् बंद केली, समद्या गावानं बघितलं. पाळी सांगत व्हता मला! पुन्हा माझ्या ओट्यावर पाय ठेवू नका."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सय्यदसाहेबांनी माझं मनगट धरलं आणि मला जीपकडे नेलं. वाटेत मी म्हणालो, "मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे." ते म्हणाले, "आज नक्को. कोर्टात ह्या लोकांची बाजू तुम्ही मांडनार. वकिलाला कायदा कळत नाय असं त्यांना वाटलं, तर ते साक्षीला येतील का? केस होऊ द्या. मंग सांगा." पडेगावला आपल्या घराशी उतरताना एरवी ते पेटी माझ्या हातात द्यायचे, त्या दिवशी दिली नाही. एवढाच काय तो राग.

पुढचे तीन महिने ते त्या गावी जात राहिले. जीप मिळाली नाही तर एसटीनं, पेटी मांडीवर घेऊन. गावात कुणी पाणी विचारत नसे, म्हणून घरून भरून नेत. नाल्याकाठच्या बाभळीखाली बसून असत. पोरंटोरं 'बाटली, बाटली' ओरडून पळायची. मी एक-दोनदाच बरोबर गेलो. खरं सांगायचं तर मला कौसाबाईच्या समोर जायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेला मी 'ऑफिसात काम आहे' असं नाव दिलं होतं.

अखेर एका दुपारी रंगाचं पाणी सुटताना सापडलं. मॅनेजरनं नोटीस घेतली, पण बाटल्यांवर सही करायला तो तयार नव्हता. सय्यदसाहेबांनी त्याला विचारलं, "हिस्से करू का?" तो चिडून म्हणाला, "करा!" त्यांनी दोन बाटल्या भरल्या, लाख वितळवली, शिक्के मारले, आणि सही नाकारल्याचं त्याच्यासमोरच लिहून घेतलं.

कोर्टात कारखान्याच्या वकिलानं उलटतपासणी सुरू केली ती याच प्रश्नानं, "कुठल्या अधिकारात बाटली भरली?" सय्यदसाहेबांनी पाणी कायद्याचं कलम सांगितलं, नेमणुकीचा कागद दाखवला, नोटिशीची पोच दाखवली. वकिलानं तासभर सगळं उलटंसुलटं करून पाहिलं आणि खाली बसला. दुसऱ्या बाटलीचा अहवाल पहिलीसारखाच आला होता. पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसेपर्यंत नाल्यात थेंबही सोडायचा नाही, असा मनाई हुकूम झाला. दोन पावसाळ्यांनंतर विहीर निवळली.

गावानं सत्कार केला. माझा. शाल, नारळ, फेटा. सरपंच म्हणाले की वकीलसाहेबांनी खात्यातल्या लोकांना सरळ केलं. टाळ्या झाल्या. सय्यदसाहेब मागच्या रांगेत पेटी पायाशी ठेवून बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. आता केस झाली होती. आता सांगायला काही हरकत नव्हती. मी फेटा सावरला आणि आभार मानून खाली बसलो.

जीपमध्ये मी फेटा काढून ठेवला. नारळ मी त्यांच्या पुढे धरला तर हातात घेऊन म्हणाले, "हिस्से करू का?" मी हो म्हणालो. त्यानंतर ते निवृत्त झाले, मी बढत्या घेतल्या. पडेगावला त्यांच्याकडे ईदला जायचो. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मी दर वर्षी मनाशी म्हणायचो, पुढच्या वेळी त्यांना घेऊन कौसाबाईकडे जाऊ.

ते गेले ते साध्या तापानं, चार दिवसांत. कबरस्तानातून परतल्यावर मला घरी बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेंद्र्याच्या रस्त्याला लागलो. कौसाबाई आता थकली होती, पण तिनं मला ओळखलं आणि ओट्यावर बसवलं. सय्यदसाहेब गेले म्हणून सांगितलं. मग सगळं सांगितलं. नोटिसा मी बदलल्या होत्या. अधिकार दिल्लीचा होता, आमचा नव्हता. त्यांनी एक पैसा घेतला नव्हता. ज्या शिव्या त्यांनी खाल्ल्या त्या माझ्या होत्या, आणि जी शाल मी घेतली ती त्यांची.

विहिरीकडे बघत ती म्हणाली, "म्हंजी त्या दिशी त्याची पाळी नव्हती."

"नव्हती."

"त्यो म्हनला व्हता, कागद चुकला. मीच आयकलं नाय." पदरानं तिनं डोळे पुसले. "पन तुमी आज कशाला आलात? त्यो असताना यायचं व्हतं. त्याच्या समोर सांगायचं व्हतं."

सून आतून पाणी घेऊन आली. ते त्याच विहिरीचं होतं, आणि स्वच्छ होतं. कौसाबाईनं तांब्या माझ्यापुढे सरकवला. आधी उचलायचा हिस्सा सय्यदसाहेबांचा होता; माझा हात पुढे झाला नाही.