थोरल्याचा आवाज

धाकट्याने बावीस वर्षं मालिकांत काम केलं, आणि त्यातली बहुतेक डॉक्टरच्या पांढऱ्या कोटात. ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून बाहेर यायचं, चष्मा काढायचा आणि "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणायचं. पुढे नातेवाइकांची रडारड सुरू झाली की कॅमेरा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. आईला हाक मारून टीव्हीसमोर आणेपर्यंत हा पडद्यावरून गायब. थोरला तिची समजूत घालायचा, "बघू या की, पुढच्या भागात असेल." तो कधीच नसायचा.

थोरला पोस्टात होता. बोलणं संथ, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा, आणि 'बघू या की' हे पालुपद. एका सकाळी तो कामावर असतानाच वारला, आणि वर्षभरात आईची दृष्टीही गेली. मालिकांनीही धाकट्याला विचारणं सोडलं. आता डॉक्टरसुद्धा तरुण लागत होते.

मग ओळखीच्या बाईंनी त्याला फाशांच्या कार्यक्रमात घेतलं. पाच नट टेबलाभोवती बसणार, प्रत्येकाचं एक पात्र, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा मोठ्याने सांगायचा आणि तो म्हणेल ते मुकाट मान्य करायचं. बाई सूत्रधार. दर रविवारी दुपारी सगळं थेट मोबाइलवर दिसायचं. धाकट्याच्या वाट्याला म्हातारा नावाडी आला. त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि घसा खाकरून बाहेर आला तो थोरलाच. ठरवून नव्हे हो, आला आपला. तो घरी पोचला तेव्हा आई मोबाइल छातीशी धरून बसली होती.

"माझा थोरला बोलला रे," ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दीड वर्ष असं चाललं. नावाडी लोकांना आवडला, रस्त्यात माणसं धाकट्याला थांबवू लागली. आई मात्र रविवारच्या आशेवर जगत होती, आणि ते त्याला ठाऊक होतं.

एका रविवारी नावाडी पुरात सापडला. "दहाच्या वर आला तर किनारा," बाई म्हणाल्या. "नाहीतर संपला."

धाकट्याने फासा टाकला. तीन. आईला काय सांगायचं, थोरला पुन्हा गेला म्हणून?

"चौदा," तो म्हणाला आणि फासा उचलला.

उभं आयुष्य कॅमेऱ्यासमोर काढलेला हा माणूस, पण टेबलावर खास फाशासाठी टांगलेला कॅमेरा नेमका विसरला. बघणाऱ्या सगळ्यांनी तीन पाहिला होता. बाईंनी खेळ तिथेच थांबवला.

"अरे, दुसरं पात्र दिलं असतं ना तुला," त्या त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या. नावाडी बुडाला, आणि धाकट्याला कुणी परत बोलावलं नाही.

"मध्येच बंद कसं पडलं?" घरी आईने विचारलं.

"संपला कार्यक्रम, आई."

तिने मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मग तू घरीच बोल ना. त्याच्यासारखं."

त्याला नाही म्हणवलं नाही. तेव्हापासून गोळी देताना, आंघोळीचं पाणी काढताना, तिला खिडकीपाशी बसवताना थोरला बोलतो. आई हसते, कधी रागावतेही. इतकी मोठी भूमिका धाकट्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

परवा दूध उतू गेलं. तो हातातलं टाकून धावला आणि चटका बसला तसा आपल्याच आवाजात ओरडला, "आई गं."

आई दचकली. तिने मान दाराकडे वळवली.

"थोरल्या, कोण आलंय रे?"

धाकटा पोळलेला हात धरून क्षणभर उभा राहिला. मग त्याने घसा खाकरला.

"कोणी नाही, आई," तो संथपणे म्हणाला.