कानातले काढून ठेव

"कानातले काढून ठेव," मॅडम म्हणाल्या. "गरीब वाटत नाहीस तू."

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरचं क्लब हाऊस. तिथल्या बाथरूमच्या आरशासमोर मी उभी. कानातले पप्पांनी शहाड स्टेशनबाहेरून आणलेले, खोट्या मोत्यांचे. काढले. मग मॅडमनी पिशवीतून एक विटकी ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकली. म्हणजे बाई घरून तयारीनिशी आली होती.

मॅडमच्या संस्थेत मी एसी दुरुस्तीचा कोर्स केलेला. वर्गात मुली दोनच, मी आणि रेश्मा. दर बॅच संपली की देणगीदारांचा कार्यक्रम व्हायचा आणि एकाने स्टेजवर घरची कहाणी सांगायची. सांगेल त्याला पहिली नोकरी. हे कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबा दारू पितात म्हण. रडू आलं तर रड, थांबवू नकोस."

"पप्पा पीत नाहीत, मॅडम."

"अगं, नुसतं म्हणायचं. कोण बघायला येणार आहे?"

पप्पा बाहेर हॉलमध्येच होते. पालकांना आणा, असं संस्थेनेच सांगितलेलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले, तर कुणीतरी कामाचा माणूस समजून त्यांना खुर्च्या लावायला लावलं. त्यांनी लावल्या. उल्हासनगरला जीन्स धुवायच्या कारखान्यात जन्म गेला त्यांचा. कारखाना बंद पडला, नखांतला निळा रंग तेवढा राहिला. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत.

मॅडमनी माइकवर माझी ओळख करून दिली, "दारुड्या बापाच्या घरातून आलेली ही पोर." मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. पप्पांनी मान खाली घातली होती. नोकरी देणारे साहेब पहिल्या रांगेत पाणी पीत होते.

माइक माझ्या हातात आला.

"मॅडम खोटं बोलल्या. माझे पप्पा पीत नाहीत. ते मागे बसलेत. तुम्ही बसलाय त्या खुर्च्या त्यांनी लावल्यात. मी एसी दुरुस्त करते. काम असेल तर द्या."

मग टाळ्या. साहेब उठून म्हणाले, "व्हेरी इन्स्पायरिंग." माझ्यासोबत फोटो काढला. मला वाटलं, जमलं. केवढी मूर्ख मी.

नोकरी रेश्माला लागली. पुढच्या कार्यक्रमात मॅडमनी तिला उभं केलं, ती स्टेजवर रडली होती. तिच्यावर माझा राग नाही, तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. मला मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुला अ‍ॅटिट्यूड आहे."

आता मी कल्याणला एका एसी दुरुस्तीच्या दुकानात फिल्टर धुते. गॅस भरायला मालक पोरांनाच पाठवतो. कधी पोरं कमी पडली आणि मी कुणाच्या दारात गेलेच, तर बाई माझ्या पाठीमागे बघते. "मेकॅनिक कुठंय?" मीच आहे म्हटलं की दार अर्धं लागतं. दुसरीकडे कुठे विचारलं तर संस्थेची शिफारस आण म्हणतात. फिरून त्याच मॅडमच्या दारात.

परवा त्यांचा फोन आला. नवे देणगीदार, नवी कंपनी. "झालं गेलं विसरू. या वेळी नीट बोल, जागा पक्की."

पप्पा शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "जा पोरी. बोल माझ्यावर काय बोलायचं ते. मला काय होतंय."

त्या दिवशी स्टेजवर जळले नाही तेवढी मी आता जळले. मॅडमनी माझ्या बापाला दारुडा केलं, ते मी खोडलं. पण माझ्या पोटासाठी आता बाप स्वतःच दारुडा व्हायला तयार झाला. इथवर आणलं यांनी आम्हाला.

मी कानातले घातले आणि मॅडमना फोन लावला.

"येत नाही. एसी बिघडला तर बोलवा."

जागा गेली. उद्या परत फिल्टरच धुवायचेत, माहीत आहे. पण माझा बाप मी विकणार नाही. त्याने स्वतःला विकायला काढलं तरी नाही.