पिंपातली पुरवणी

राकू पद्धतीची मातीची भांडी शिकवणाऱ्या जपानी बाई आठवड्याभरात कायमच्या मायदेशी चालल्या होत्या, भट्टी विकून झाली होती आणि माझं एकच भांडं आत तापत होतं. आधीची सगळी वाळतानाच तडकली होती. हे एवढं धड झालेलं, ते मला काहीही करून घरी न्यायचं होतं.

इथे आखातात, जनाबियातल्या त्यांच्या व्हिलामागे भट्टी होती. लालभडक भांडं चिमट्याने उचलायचं, कागद भरलेल्या पिंपात सोडायचं आणि कागद पेटले की झाकण घालायचं. कोंडलेल्या धुराने पांढऱ्या लेपावर काळ्या रेघांची जाळी उमटते. जरा उशीर झाला की सगळं मुसळ केरात. कागद मी पुरवायचे. गावाहून परतलेल्या मराठी घरांत लोणच्याच्या बरण्यांभोवती गुंडाळलेली वर्तमानपत्रं निघतात, ती मागून आणायचे. पिंप भरताना बघतंय कोण!

त्या दिवशी वारा होता. बाईंनी गॅस बंद करून भट्टी उघडली. माझा नवरा झाकण धरून उभा. मी भांडं उचललं, पिंपाशी आले आणि आत पाहिलं. वरच जयंतीची पुरवणी. निळा कोट, चष्मा. आमच्या घरात बुद्धांशेजारी लावलेला तोच फोटो. कोटावर तेलाचा डाग.

भांडं तसंच अधांतरी धरून मी थांबले.

"टाक ना लवकर! यल्ला!" नवरा ओरडला.

"अरे, आत बघ."

त्याने पाहिलं, झाकण फेकलं आणि वाकून हात आत घातला. बाई "नाऊ! नाऊ!" म्हणून किंचाळत होत्या. चिमट्यातलं भांडं काळवंडत चाललं होतं. मला संताप आला होता, लोणचं बांधणाऱ्यांचा आणि त्याहून जास्त न बघता कागद कोंबणाऱ्या माझा स्वतःचा. पुरवणी बाहेर आली तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. टण्ण! गार वाऱ्याने भांडं तडकलं आणि अर्धं वाळूत पडलं.

"खलास," नवरा हळूच म्हणाला.

बाई भयंकर चिडल्या होत्या. त्यांनी पुरवणी हातात घेऊन पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, "तुमचा देव?"

"देव नाही," मी म्हणाले. "यांच्यामुळे माझी आई शाळेत गेली."

पुरवणीची नीट घडी करून बाईंनी ती नवऱ्याच्या हाती दिली. पुन्हा तशी वेळ आली तरी मी हेच करीन, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण वाळूतला तुकडा निवेपर्यंत मी त्याच्याजवळ बसून हमसून हमसून रडले.