बॅरो ते कॉट्झेब्यू, बोटभर अंतर

सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चार मराठी सॉफ्टवेअरवाले राहायचो. भांडी कोणी घासायची यावरून रोज वाद, त्यामुळे किस्से आपोआप साठत गेले. पण माझा रूममेट नितीन तीन महिन्यांसाठी अलास्काला गेला आणि बाकीचे सगळे फिके पडले!

*

त्याची कंपनी शाळांना सॅटेलाइट इंटरनेट लावून द्यायची. एक शाळा बॅरोला, अगदी वरच्या टोकाला. दुसरी कॉट्झेब्यूला. मॅनेजरने कॅलिफोर्नियात बसून प्लॅन केला: सकाळी बॅरो, लंचनंतर कॉट्झेब्यू. "गाडी भाड्याने घे!"

बॅरोला गाड्या भाड्याने देणाऱ्या बाई म्हणाल्या, "गाडी देते. पण गावाबाहेर रस्ताच नाही."

नितीनने हे कळवलं. मॅनेजरचा उलट मेल आला, "मग टॅक्सी कर."

*

अंतर सव्वातीनशे मैल. सरळ विमान असतं तर तास-सव्वातास. पण सरळ विमानच नाही! आधी खाली अँकरेजला यायचं, मग पुन्हा वर. फोनवर ऐकून मी उडालोच. पुण्याहून नागपूरला जायला आधी चेन्नई गाठायचं, असला प्रकार.

*

जवळच्या एका खेड्यात तो आठ सीटच्या विमानाने गेला. काउंटरवर वजन विचारलं. सगळ्यांदेखत! नितीनने लाजून पाच कमी करून सांगितलं, "पंच्याऐंशी."

तेही किलोत. तिथे पौंड चालतात, म्हणजे चाळीस किलोही नाही! काउंटरवरच्या बाईंनी त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि काट्याकडे बोट दाखवलं.

*

नितीनच्या आईने त्याच्या लग्नाचा ध्यास घेतला होता. "मुलगा फार लांब आहे," म्हणत चार स्थळं परत गेलेली. त्याच्यासमोर लग्नाचा विषय आम्ही काढतच नव्हतो. अशात काकूंना सांगलीची मंजिरी सापडली. कॉट्झेब्यूच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट! नितीन तेव्हा बॅरोलाच होता. काकूंनी ॲटलास उघडला आणि त्याला फोन लावला.

"अरे, बोटभर अंतर आहे! रविवारी अकराला बघण्याचा कार्यक्रम. तिच्या आईला शब्द दिलाय."

"आई, दोन-तीन विमानं बदलावी लागतात!"

"मग शनिवारी नीघ."

*

तो शुक्रवारीच विमानतळावर गेला. तीन महिने संपलेच होते, सामान बरोबर होतं. पण बॅरोला धुकं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी कसाबसा अँकरेजला पोचला, तोवर अकरा वाजून गेले होते. तिथून मला फोन केला. आवाज पार पडलेला. "हेही स्थळ गेलं यार."

मला फार वाईट वाटलं. "मंजिरीला स्वतः फोन कर," मी म्हटलं.

त्याने केला. ती म्हणाली, "उद्या या. मी विमानतळावर येते."

पण मंगळवारी त्याला सनीव्हेलच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. म्हणजे सोमवारी कॉट्झेब्यूला उतरायचं आणि त्याच विमानाने परत फिरायचं. मध्ये पस्तीस मिनिटं! काकूंनी भारतातून मला तीनदा विचारलं, "पस्तीस मिनिटांत काय होणार रे?"

मंगळवारी सकाळी मी त्याला आणायला सॅन होजे विमानतळावर गेलो. नितीन बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याच्या शेजारी एक मुलगी. अंगात गुडघ्यापर्यंत जाड कोट, सामान काहीच नाही, हातात फक्त पर्स आणि पोह्यांचा रिकामा डबा.

माझ्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली.

नितीन म्हणाला, "ही मंजिरी. पस्तीस मिनिटं पुरली नाहीत!"