मी सुतात बसलो होतो

मांडवात पाटावर बसलो होतो. अंगभर हळद. कमरेले एक ओला टॉवेल, बाकी काही नाही. चार कोपऱ्यांले चार तांबे ठेवलेले अन् त्या तांब्यांभोवती कच्चं सूत गुंडाळलेलं. आमच्याकडे नवरदेवाले असं सुताच्या आत बसवून आंघोळ घालतात. ओवाळणं होईस्तोवर बाहेर पाय टाकायचा नाही. सूत तुटलं तर अपशकुन.

आमी बौद्ध. दुसऱ्या दिवशी लग्न भन्तेजींच्या वंदनेनंच लागलं. पण हळद, सूत अन् गावच्या पटेलाचा पहिला तांब्या काही आमच्या घरातून निघाला नोता. बापानं सारी जिंदगी पटेलाच्या घरी वर्षाच्या बोलीवर सालदारकी केली. सालदाराच्या घरी लग्न असलं की नवरदेवाच्या अंगावर पहिलं पाणी पटेलाच्या हातचं पडायचं. याले मान म्हणतात. म्हातारा पटेल मेला, तं माझ्या हळदीले त्याचा पोरगा आला. छोटा पटेल. माझ्याच वर्गात होता, दहावीले नापास होऊन घरी बसला. मी मास्तर झालो, मराठी शाळेत नोकरी लागली, हे त्याच्या डोळ्यात कवापासून खुपत होतं.

त्यानं तांब्या टाकला अन् दुसऱ्या हातानं टॉवेल ओढून घेतला.

"पाहा बे मास्तरचं," तो म्हणाला. "वाढली ते नुसती डिग्रीच."

बाया तोंड फिरवून हसल्या. माणसं तोंड न फिरवता हसली. आमचीच माणसं. मी दोन्ही हात पुढं धरले अन् उठायले गेलो, तं आई ओरडली, "बस बाप्पा, सूत तुटन." मी बसलो. शिकलेला माणूस, पोरांले भूमिती शिकवणारा, दोऱ्याच्या आत नागवा बसून राह्यलो. बापानं टॉवेल उचलून देला. पटेलाले काही म्हटलं नाही. हसल्यासारखं तोंड केलं.

पटेलाच्या मागं त्याचा दोस्त मोबाइल धरून उभा होता. हे मले नंतर कळलं, जवा गावाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला.

तवापासून मी डिग्री मास्तर. पानठेल्यावर डिग्री मास्तर. बेल्याच्या बाजारात भाजी घ्यायले गेलो तरी मागून कोणीतरी खोकलायचं, "या, डिग्री मास्तर." फळ्याकडं तोंड केलं की मागं पोरं खुसखुस करून राह्यली असं वाटायचं. कदाचित ती दुसऱ्याच गोष्टीवर हसत असतीन. पण मले ते कोण सांगणार?

करुणा, माझी बायको, नार्नूरकडची. शांत बाई. तिनं व्हिडिओ पाह्यला का नाही, मी विचारलं नाही. आमचं नवरा-बायकोचं सगळं बरं होतं, खरं सांगतो. तिची कधी तक्रार नोती. पण मले ते दिसतच नोतं. लाइट बंद केल्याशिवाय मी कपडे बदलत नोतो. ती जवळ आली की माझ्या कानात तेच वाक्य वाजायचं. पलंगावर आमी तिघं असायचो. मी, ती अन् छोटा पटेल.

मोबाइलले माझं मन कसं कळलं कोण जाणे. जाहिराती यायले लागल्या. आधी तेल, मंग गोळ्या. तेलानं कातडं सोललं, गोळ्यांनं पोट जळलं. मंग एक दिवस ऑपरेशनची जाहिरात आली. एका दिवसात घरी. कोणाले कळणार नाही. कायमचं.

शाळेचं काम हाय म्हणून नागपूरले गेलो. क्लिनिक भारी. थंडगार खोली, सोफा, काउंटरवरच्या गोड आवाजाच्या पोरीच्या हातात पाण्याचा ग्लास. डॉक्टरनं मले उभ्या उभ्या पाह्यलं. तुमाले त्रास काय हाय, हे विचारलंच नाही. बायकोबद्दल एक शब्द नाही. हे डोक्यात कवापासून शिरलं, कोणी घातलं, काही नाही.

मी विचारलं, "साहब, कुछ धोका?"

"दाँत निकालने जैसा है, मास्टरजी."

आत हाडाले जो बांध असतो तो कापायचा, म्हणजे आतलं थोडं बाहेर येईन. अन् पोटाची चरबी काढून कातड्याखाली भरायची. एवढंच त्यानं सांगितलं. तो बांध कशासाठी असतो, हे मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. मी मास्तर आहो. पोरानं प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं तर त्याचा कान धरतो. अन् तिथं मी मान हलवून टेबलावर झोपलो. आधी त्यायनं फोटो काढले. रिकॉर्डसाठी लागतात म्हणे.

घरी सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं.

सूज आली, काळंनिळं झालं. मले वाटलं, असंच असतं. मंग टाक्यातून पू यायले लागला. ताप भरला. चरबी एका जागी राह्यलीच नाही. काही विरून गेली, काही गोळा होऊन दगडावानी झाली. वाकडं, गाठीगाठीचं. अन् जखम भरली तशी ती आतल्या अंगानं ओढत गेली. आधी होतं त्याहून कमी दिसायले लागलं. उभारी आली तरी आधार नाही, खालीच झुकलेलं, हललं तरी कळ. काही जागा तर मुक्या झाल्या, हात लावला तरी आपला नाही असं वाटायचं.

अन् हे कोणाले सांगावं? शाळेतले मास्तर केळं-बिस्किटं घेऊन आले. हेडमास्तर म्हणाले, त्यांच्या साल्याचाही हर्निया असाच चिघळला होता. मी "हो ना सर" म्हणत बसलो. आई लिंबाचा पाला उकळून आणायची अन् म्हणायची, "वजन उचललं असंन पोरानं." करुणाले मी पट्टी बदलू देत नोतो. मोरीचं दार लावून, दातात टॉवेल धरून, एकटाच बदलायचो. बाहेरून ती विचारायची, "काऊन इतका टाइम लागून राह्यला?" मी म्हणायचो, पाणी येऊन नाही राह्यलं.

एक दिवस छोटा पटेल आला. हो, तोच. तब्येत पाहायले. घरात एकच खुर्ची, त्यावर तो बसला. बाप खाली बसला. करुणानं चहा केला, मी त्याच्या हातात देला.

"जपून रे मास्तर," तो म्हणाला. "नाजूक जागा असते ते."

अन् मी त्याले म्हटलं, बस अजून थोडा. माझंच तोंड, माझाच आवाज. त्या दिवशी मले स्वतःची जेवढी किळस आली तेवढी पू पाहूनही आली नोती.

क्लिनिकले फोन लावला. आधी म्हणे, सबर करो. मंग म्हणे, पुन्हा या, पुन्हा करू. मी आवाज चढवला, तवा त्या गोड आवाजाच्या पोरीनं सांगितलं, "सर, शोर मत मचाइए. आपके फोटो हैं हमारे पास."

फोन ठेवला अन् मले मांडव आठवला. तसाच बसलो होतो मी. तसेच दोन्ही हात पुढं धरून. तवा आई म्हणाली होती सूत तुटन, आता हे म्हणत होते फोटो दाखवू. सुताचा चौक तोच. बसणाराही तोच.

ताप उतरेना तवा आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात गेलो. करुणा हट्टानं संगं आली. डॉक्टर तेलुगू माणूस, उतारवयाचा, आमच्याशी हिंदीत बोलला. त्यानं पडदा ओढला, तपासलं. मंग म्हणाला, "पहले कितना था?"

मी सांगितलं. हळदीतलंही सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. पडद्यामागं पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

"नॉर्मल था, मास्टर," तो म्हणाला. "ठंडा पानी, सौ आदमी देख रहे. किसी का भी सिकुड़ता. मेरे पास जितने आते, सब नॉर्मल आते. बीमारी इधर नहीं रहती." अन् त्यानं आपल्या कपाळाले बोट लावलं.

बांध कापला तो काही पुन्हा जसाच्या तसा जोडता येत नाही, त्यानं सांगितलं. गाठी काढायच्या तर आणखी चिरफाड, आणखी व्रण, अन् काय उरंन याची हमी तोही देणार नाही. "जो बचा, उसको बचाएँगे." नागपूरच्या त्या गोड बोलण्यापेक्षा हे कडू बोलणं मले खरं वाटलं. पण खरं ऐकून मी पडद्यामागं रडलो. पुरुष आहो, मास्तर आहो, हुंदके देऊन रडलो.

करुणा पडद्याच्या पलीकडंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

बसस्टँडवर आलो. बाकावर बसलो तवा म्हणाली, "मी कदी म्हनलं का, कमी हाय म्हनून?"

"नाही."

"मंग ज्या बाईले माईत, तिले काऊन नाही इचारलं? तुमी पटेलाले इचारलं."

ती पुढं म्हणाली, "त्यानं टॉवेल ओढला ते मले समजते. मानूसच तसा हाय. पन तुमी त्याचं बोलनं अंगावर कापून घेतलं, अन् मले मोरीच्या बाहेर उभं केलं. याचा राग मले जिंदगीभर राहीन." राग तिनं लपवला नाही. आजही लपवत नाही.

पण त्या बाकावर माझ्या ध्यानात आलं. माझ्या बापाचं सारं आयुष्य पटेलाच्या मापानं गेलं. ज्वारी त्याच्या पायलीनं, मजुरी त्याच्या मर्जीनं. मी शिकलो ते त्या मापातून बाहेर पडायले. अन् स्वतःचं शरीर मात्र मी त्याच्याच मापानं मोजलं, अन् कमी भरलं म्हणून कापायले नेलं.

या उन्हाळ्यात लहान भावाची हळद होती. मिलिंद त्याचं नाव. मी सांगून ठेवलं होतं, सूत नको. आईनं ऐकलं नाही. मी मांडवात आलो तवा मिलिंद सुताच्या आत बसलेला, कमरेले टॉवेल, अन् छोटा पटेल तांब्या घेऊन येऊन राह्यला. मागं तोच दोस्त. हातात मोबाइल.

मी पुढं झालो अन् सूत हातानं तोडलं. कच्चं सूत ते. एका झटक्यात तुटलं. एवढंसंच होतं.

"ऊठ मिलिंद. घरात जाऊन आंघोळ कर."

आई छाती पिटायले लागली. पटेल म्हणाला, "मास्तर, मान आहे आमचा."

"तुमचा मान तुमच्या घरी न्या."

"हर्निया डोक्यात गेला काय बे?"

मंग मी सांगितलं. साऱ्या मांडवासमोर. हर्निया नोता. या माणसाच्या हसण्याले भिऊन मी ऑपरेशन करून घेतलं, धडधाकट शरीर नासवून घेतलं, आता उठता-बसता कळ येते. कोणी मागं फिसकन हसलं. मी थांबलो. त्याचं हसणं संपू देलं, मंग पुढचं सांगितलं. काय कापलं, काय भरलं, काय सडलं. पटेल मधातच तांब्या ठेवून निघून गेला. त्याच्या दोस्तानं मोबाइल खिशात घातला. बाप जाग्यावरून उठला, तो तांब्या उचलला अन् पाणी तुळशीच्या बुडाशी ओतून देलं.

दुसऱ्या आठवड्यात मी क्लिनिकविरुद्ध तक्रार देली. पुन्हा फोन आला, फोटो बाहेर काढू. मी म्हटलं, काढा. माझं नाव खाली मोठ्या अक्षरात लिहा. शाळेत दहावीच्या पोरांले मी मोबाइलमधल्या त्या जाहिरातींबद्दल तोंडानं सांगतो, शब्द न गिळता. हेडमास्तर म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. मी म्हटलं, माझ्याही नोतं.

गाठी आहेत तिथंच आहेत. डॉक्टरनं सांगितलं होतं, तसंच आहे. मोटरसायकलवर खड्डा आला की डोळ्यात पाणी येतं. हे बरं होणार नाही, अन् मी कोणाले बरं झालं असं सांगणारही नाही.

आता चुलतभावाची हळद ठरली. आईनं भीतभीत विचारलं, सूत आणू का.

मी म्हटलं, आण. गोधडीले होईन. नवरदेवाभोवती एक फेरा जरी मारला, तर मी तोडीन. दरवेळी तोडीन.