साठ फुटी रस्त्यावरचं घर

आमच्या मावशीच्या यजमानांइतका नाशिकवर जीव लावणारा माणूस मी पाहिलेला नाही. अडचण एवढीच, की त्यांचं नाशिक अजून बांधून झालेलं नाही. काकांची सगळी नोकरी नगररचना खात्यात शहराचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे डोळ्यांसमोरच्या शहरापेक्षा त्यांचा विश्वास कागदावरच्या शहरावर जास्त. पत्ता विचारणाऱ्याला ते "उद्यानापासून डावीकडे वळा" असं बिनदिक्कत सांगतात. तिथे गॅरेज असतं. लग्नाच्या पंगतीत त्यांच्याशेजारी बसलात, तर जुनं नाशिक टेकड्यांवर कसं वसलं आणि गल्ल्या उतारानं नदीकडे कशा गेल्या, हे जिलबी येईपर्यंत ऐकावं लागतं. "शहर आधी पाणी आखतं, मग माणूस गिरवतो आणि बिल्डर खोडतो," हा त्यांचा सिद्धांत. तो मठ्ठ्याबरोबर येतो.

मखमलाबादकडे त्यांनी घर बांधलं, तेही विकास आराखड्याबरहुकूम. आराखड्यात पूर्वेला साठ फुटी रस्ता होता, म्हणून दर्शनी दार, ओटा, नावाची पाटी सगळं पूर्वेला. प्रत्यक्षात तिथे तारेचं कुंपण आणि पलीकडे द्राक्षबाग. खरी वाट मागून, त्यामुळे अख्खं गणगोत, अगदी जावईबापूसुद्धा, धुण्याचा दगड ओलांडून मोरीतून आत आलं. पाहुण्यांनी एकदा तरी पुढच्या दारानं यावं, एवढीच मावशीची हौस. दर पाडव्याला ती त्या दाराला तोरण बांधते.

बागवाला फवारणी करता करता विचारायचा, "काका, लय वर्षं झाली, तुमचा रस्ता कुठं अडकलाय?"

"मंजूर आहे. तुमच्या तिसऱ्या ओळीतून जातो," काका शांतपणे सांगत. बिचाऱ्याची झोप उडत असणार. संध्याकाळी काका ओट्यावर खुर्ची टाकून बसत, आणि मावशी चहा घेऊन आली की म्हणत, "जरा आत सरक, वर्दळीची वेळ आहे."

यंदा द्राक्षं उतरायच्या सुमारास सुधारित आराखडा जाहीर झाला. काका इस्त्रीचा शर्ट घालून बघायला गेले आणि परत येऊन थेट कुंपणाशी उभे राहिले. "रस्ता वगळला. तुमची तिसरी ओळ वाचली," त्यांनी बागवाल्याला सांगितलं. तो तार वर उचलून, द्राक्षांचा क्रेट घेऊन सरळ ओट्यावर आला.

"काय हाय ना काका, मागून वळसा कोण घालतंय," तो म्हणाला.

मावशी कुंकवाची कोयरी घेऊन धावली. "थांबा भाऊ, पुढच्या दारानं आलेले पहिले पाहुणे तुम्ही," म्हणत तिनं त्याला टिळा लावला.

मी संध्याकाळी गेलो, तर काका त्याच ओट्यावर, त्याच खुर्चीत, बागेकडे बघत बसलेले. मला फार वाईट वाटलं. त्यांनी द्राक्षांची ताटली पुढे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "आता वर्दळ नाही. शांत वाटतं."